शुगर निघाली, पण कोणती?

आमच्या लॅबचं शटर सकाळी साडेसहाला वर जातं. एकादशी असली की हा संवाद ठरलेला.

"काकू, उपाशी आहात ना?"

"हो तर. उपासच आहे आज."

"मग सकाळपासून काय घेतलं?"

"काही नाही गं. वाटीभर खिचडी आणि चहा."

पंढरपुरात साबुदाण्याला जेवण म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणून "उपाशी आहात का" हा प्रश्न मी सोडूनच दिला. "रात्री जेवल्यापासून पाण्याशिवाय पोटात काय गेलं" असं विचारते. मग खरं बाहेर येतं.

डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून या काउंटरला उभी राहिले त्याला आता चोवीस वर्षं झाली. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस एकच विचारतो, "किती आली?" कोणती निघाली, असं कुणी विचारत नाही. ताप आला तर टायफॉईड आहे का डेंग्यू, हे शेंबडं पोरही विचारतं. शुगरला मात्र सगळ्या गल्लीत मिळून एकच नाव, एकच पथ्य आणि शेजारच्या अण्णांना लागू पडलेली एकच गोळी. या चुकीत मी स्वतः सापडले आहे, तेही घरच्या माणसाच्या बाबतीत. ते पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे मी सांगणार नाही. रिपोर्ट हातात घेऊन आपला प्रकार कोणता असावा याचा अंदाज कसा बांधायचा आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, एवढंच सांगते.

आधी आकडा पक्का करा

उपाशीपोटी १२६ किंवा वर, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ६.५ टक्के किंवा वर. यातलं काही असेल तर तो मधुमेह. तहान, सारखी लघवी, उतरलेलं वजन अशी लक्षणं असतील तर कुठल्याही वेळेची २०० ची शुगर पुरते. लक्षणं काहीच नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका, दुसऱ्यांदा तपासा. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. अजून आत पाऊल पडलेलं नाही.

रक्त कोणत्या बल्बमध्ये घेतलं तेही बघा. शुगरसाठी राखाडी झाकणाचा बल्ब असतो, त्यात फ्लोराईड असतं. साध्या बल्बमध्ये रक्त तसंच ठेवलं तर रक्तातल्या पेशी आपल्या परीने साखर खात राहतात आणि तासाला पाच ते सात टक्क्यांनी आकडा उतरतो. गावातल्या शिबिरात सकाळी आठला घेतलेले साधे बल्ब दुपारी दोनला लॅबमध्ये पोचले की अर्ध्या गावाची शुगर नॉर्मल निघते आणि सरपंच खूश होतात. घरचं ग्लुकोमीटर रोजची नजर ठेवायला उत्तम, पण पहिलं निदान त्याच्या भरवशावर करू नये.

एचबीएवनसीला लोक "तीन महिन्यांचं प्रगतिपुस्तक" म्हणतात. म्हणू देत, पण ते पुस्तक तांबड्या पेशींवर लिहिलेलं असतं. लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर ते जास्त दाखवू शकतं. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आहे, तिकडच्यांनी हे ध्यानात ठेवावं. हिमोग्लोबिन ७ आणि एचबीएवनसी ६.७ असा कागद समोर आला की मी पेशंटला म्हणते, डॉक्टरांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते. आकडा रोग सांगतो, प्रकार सांगत नाही. ३०० ची शुगर टाईप १ ची असू शकते, टाईप २ ची असू शकते, आणि सांधेदुखीच्या पुडीतल्या स्टेरॉईडचीही असू शकते.

दारं धरणारा माणूस

उजनीचं पाणी आलेल्या शेतात रात्री दारं धरायला गेलेल्याला इन्सुलिन दोन मिनिटांत समजावता येतं. रक्तातली साखर म्हणजे पाटाचं पाणी. पेशी म्हणजे वाफे. इन्सुलिन म्हणजे दारं धरणारा माणूस, तो एकेका वाफ्याचं तोंड फोडतो आणि पाणी आत घेतो. ही माणसं येतात पोटातल्या स्वादुपिंडातून.

टाईप १ मध्ये दारं धरायला माणूसच उरत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या संपवते. पाट वाहतोय, वाफे कोरडे, पाणी रस्त्यावर. टाईप २ मध्ये माणसं आहेत, सुरुवातीला तर जास्तच असतात, पण वाफ्यांची तोंडं गाळाने बुजलेली. एका माणसाच्या कामाला तीन लागतात. अशी दहा-पंधरा वर्षं राबून माणसं थकतात आणि एकेक जण काम सोडतो. म्हणून टाईप २ च्या माणसालाही पुढे इन्सुलिन लागू शकतं. इन्सुलिन सुरू झालं म्हणून टाईप २ चा टाईप १ होत नाही. "इन्सुलिनवर अवलंबून असलेला" आणि "नसलेला" ही जुनी नावं १९९७ मध्ये मोडीत काढली ती याच घोळामुळे.

प्रकार वेगळे आहेत हे आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भाग केले: जन्मजात तो सहज आणि खाण्यापिण्याच्या चुकांनी होतो तो अपथ्यनिमित्तज. आजच्या प्रकारांशी ते जसंच्या तसं जुळत नाही. पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नये, हे त्यांना कळलं होतं.

टाईप २: आपल्याकडे तो बारीक माणसालाही होतो

मधुमेहींत दहातले नऊ जण याच प्रकारचे. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे निघाले. सगळ्या राज्यांत गोवा वर होता, २६.४ टक्के.

लोकांच्या डोक्यातला मधुमेही म्हणजे ढेरपोट्या शेठजी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रंजन याज्ञिक यांनी हे चित्र बदललं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला, याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनना ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांना २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीचे. पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा जो अभ्यास त्यांनी १९९३ पासून चालवला, त्यातही हेच दिसलं. जन्मतः हलकं बाळ, हातपाय काटकुळे, पण चरबी राखून ठेवलेली.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. दुसरी खूण मानेवर असते. मानेची मागची बाजू, काखा काळपट, मखमलीसारख्या जाडसर होतात. पोरी आईकडून दगडाने मान घासून घेतात, बेसन लावतात. एका मावशीने माझ्यासमोर पोरीच्या मानेवर चापट मारली, "आंघोळ नीट करत नाही." तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, याची ती कातडीवरची नोटीस होती. मुलगी पंधरा वर्षांची. टाईप २ आता शाळेच्या गणवेशातही येतो.

टाईप २ दबकत येतो. पाच-पाच वर्षं पत्ता लागत नाही आणि चष्म्याचा नंबर काढायला किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सापडतो. वारीच्या दिवसांत तर असे कितीतरी सापडतात: पायाला फोड आला, फुटला, चिघळला आणि माउलींना काही कळलंच नाही, कारण पायांची संवेदना कधीच गेली होती.

टाईप १: हा धावत येतो

नऊ वर्षांची पोरगी. गेले पंधरा दिवस रात्री अंथरूण ओलं करत होती, रांजणाशी सारखी तांब्या घेऊन उभी राहायची. फ्रॉक ढगळ झाला होता. घरच्यांना वाटलं, शाळेचा ताण. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. एका ठिकाणी "पोटात इन्फेक्शन" म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाप तिला खांद्यावर टाकून आमच्याकडे आला, लिहून दिलेली लघवी तपासायला. पोर लांब लांब, खोल श्वास घेत होती. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. चिठ्ठीवर शुगर लिहिलेली नव्हती, तरी मी बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं "हाय" आलं. आमच्या मशीनवर तसं ६०० च्या वर येतं. लघवीतली कीटोनची पट्टी बघता बघता गर्द जांभळी झाली. पुढचं काम माझं नव्हतं. मी फोन केला, गाडी बोलावली आणि बापाला सोलापूरच्या वाटेला लावलं. वाटेत थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

पोरगी वाचली. आता सायकलवरून शाळेत जाते, दप्तरात इन्सुलिनचं पेन असतं.

लेकराला सारखी लघवी, न भागणारी तहान, उतरत चाललेलं वजन आणि मरगळ, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की त्याच दिवशी बोटातल्या रक्ताची शुगर बघा. उद्यावर टाकू नका, उपाशीपोटी होईपर्यंत थांबू नका. उलट्या किंवा जोराचा श्वास सुरू झाला असेल तर थेट दवाखाना. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. हे काही तासांत जिवावर बेततं.

१९२२ च्या आधी अशा पोराला वाचवायला काहीच नव्हतं. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन मिळवलं आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं. बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो.

टाईप १ मध्ये इन्सुलिनला पर्याय नाही. काढा नाही, पाला नाही, "शंभर टक्के मुळासकट" वाली पावडर नाही. कार्ल्याच्या रसाने टाईप २ वाल्याचं फार तर तोंड कडू होईल. टाईप १ वाल्याने त्याच्या नादी लागून इन्सुलिन सोडलं तर एक-दोन दिवसांतच तो आयसीयूत जाऊ शकतो. आणि तापात, उलट्यांत "जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला" म्हणून ते बंद करायचं नाही. डोस डॉक्टर बदलतील, बंद कुणी करायचं नाही.

माझा धाकटा

आता घरचं. माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. त्यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत. वय तेव्हा छत्तीस, अंगाने शिडशिडीत. गळीत हंगामात रात्रपाळीत सारखा लघवीला उठतो म्हणाला, म्हणून मीच रक्त काढलं. उपाशीपोटी २७८, एचबीएवनसी १०.४.

"अण्णांना होती, तुला झाली," मी म्हणाले. अण्णा म्हणजे आमचे वडील. बल्बवरचं लेबल चिकटवता चिकटवता मी माझ्या भावाचं निदान करून मोकळी झाले.

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत एचबीएवनसी ७.६ वर आलं आणि मी सगळ्यांना सांगत सुटले. मग ते चढायला लागलं. वजन मात्र ६८ वरून ५९ वर आलं. आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. बाहेर खातोस, चहात साखर घेतोस, गोळ्या चुकवतोस. भावजयीने पोह्यांचा डबा फळीवर वर ठेवला. तो एकदाच म्हणाला, "ताई, मी भाकरी आणि पालेभाजीशिवाय काही खाल्लेलं नाही गं." मी विश्वास ठेवला नाही. रोज शंभर माणसं मला हेच सांगतात.

तिसरी गोळी वाढली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. पंधरा दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या. शुगर बघितली तर फक्त २१०. "२१० ला काय होतंय, पित्त असेल," हेही मीच म्हणाले. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "कीटोन बघितलेत का?" होते. या जातीच्या गोळ्यांत शुगर फार न चढताही आम्ल वाढू शकतं आणि इन्सुलिन मुळातच कमी असलेल्या माणसाला तो धोका जास्त.

तिथे गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाईड या रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या. नमुने माझ्याच लॅबमधून मोठ्या लॅबला गेले, बल्बवर अक्षर माझंच. गॅड भरपूर वाढलेलं, सी-पेप्टाईड ०.३. म्हणजे टाईप १, पण मोठ्या वयात हळूहळू येणारा. त्याला लाडा म्हणतात. नाव ऐकून भावजय म्हणाली, "लाडाचा कसला, मेल्याने आमचा जीव घेतला असता."

इन्सुलिन सुरू झाल्यावर महिन्याभरात गडी भरला. त्याच्या ताटात पोहेही परत आले.

अण्णांचा टाईप २ होता, त्याचा १ निघाला. घरात एक प्रकार आहे म्हणून दुसऱ्याला तोच असेल असं नाही. आणि "बालमधुमेह" हे नाव विसरून जा, टाईप १ कोणत्याही वयात सुरू होतो.

त्या दोन तपासण्या काय सांगतात

स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा आधी एक लांब साखळी तयार होते. ती तुटून इन्सुलिन आणि सी-पेप्टाईड असे दोन तुकडे पडतात, जितकं हे तितकंच ते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाईड नसतं. म्हणून इन्सुलिन घेत असलेल्या माणसाचंही स्वतःचं उत्पादन किती उरलंय ते यातून कळतं. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या हिशेबात साधारण ०.६ च्या खाली असेल तर कोठार रिकामं, १.८ च्या वर असेल तर टाईप २ ची शक्यता जास्त, मधलं असेल तर डॉक्टरांना डोकं चालवावं लागतं. मात्र शुगर फार चढलेली असताना स्वादुपिंड तात्पुरतं गळाठतं आणि आकडा खोटाच कमी येतो. काही आठवड्यांनी पुन्हा बघितलेलं बरं. त्या नमुन्याबरोबर त्याच वेळची शुगरही करून घ्या, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

गॅड अँटीबॉडी म्हणजे आपलीच फौज आपल्यावर उलटल्याचा पुरावा. ती सापडली आणि बाकीचं चित्र जुळलं तर टाईप १ धरतात. सापडली नाही म्हणून टाईप १ नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

सगळ्यांनी उद्या सकाळी आमच्या दारात रांग लावायची गरज नाही. बावन्न वर्षांचे, कंबर ४० इंच, घरात तिघांना शुगर, एका गोळीवर आटोक्यात, अशा गृहस्थांनी हे पैसे चांगल्या चपलांवर घालावेत. पण वय चाळिशीच्या आत, अंगाने बारीक, वजन उतरतंय, गोळ्या वाढवूनही शुगर हटत नाही, किंवा घरात थायरॉईडसारखा दुसरा ऑटोइम्यून, म्हणजे आपलीच फौज आपल्यावर उलटण्याचा, आजार आहे, अशांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: "माझा टाईप १ तर नाही ना? सी-पेप्टाईड करायचं का?"

गरोदरपणातला

आमच्या लॅबमधली पोरगीच चौथ्या महिन्यात होती, तरी तपासणीला टाळाटाळ करत होती. "घरात कुणाला नाही ताई." वार धरायला लागली की वारेतले हार्मोन्स आईच्या इन्सुलिनला जुमानत नाहीत. कुणाला आधी शुगर होती की नव्हती, त्याचं त्यांना देणंघेणं नसतं. सरकारी पद्धत सोपी आहे: पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, पोटात काही असो नसो, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत रुजवली, त्यांचा वाढदिवस १० मार्च याच आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. पहिल्याच तपासणीला एकदा आणि तेव्हा नॉर्मल आलं तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत यायचं, आणि लपवायचं नाही. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये गुपचूप उलटी करून "काही नाही" म्हणणाऱ्या मी बघितल्या आहेत.

पहिल्या तीन महिन्यांतच उपाशीपोटी १२६ च्या वर असेल तर तो बहुधा आधीपासूनचाच, गरोदरपणाचा नव्हे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, आणि त्याला जवळजवळ कुणी येत नाही. बारसं होतं, बाई माहेरी असते, कागद हरवतो. या बायकांना पुढे टाईप २ होण्याचा धोका बराच जास्त असतो. म्हणून पुढे दर वर्षी बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात शुगर करून घ्यायची, लक्षात राहते.

उरलेले, पण विसरू नयेत असे

स्वादुपिंडच खराब झालं तर होणारा एक प्रकार आहे. दारूच्या अतिरेकाने स्वादुपिंडाला सूज येऊन होतो, तसा दारूच्या थेंबाला न शिवलेल्या तरुणालाही होतो. त्यात स्वादुपिंडात खडे होतात. केरळात हे फार पूर्वीपासून माहीत आहे. खूण म्हणजे वर्षानुवर्षं वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी कळ आणि तेलकट, तरंगणारी, पाण्याने सहज न जाणारी शौच. पोटाच्या साध्या एक्स-रेतही खडे दिसू शकतात. अशांना इन्सुलिनबरोबर अन्न पचवणाऱ्या एन्झाईमच्या गोळ्याही लागतात, त्या कुणी दिल्या नाहीत तर माणूस खाऊनही वाळत जातो.

स्टेरॉईडचा प्रकार चकवतो. दम्यासाठी, संधिवातासाठी सकाळी गोळी घेतली की शुगर दुपारी-संध्याकाळी चढते आणि सकाळी उपाशीपोटी बघितली तर चक्क नॉर्मल. म्हणून अशा पेशंटनी जेवणानंतरची तपासणी सोडू नये. आणि बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या "जादूच्या" पुड्या डॉक्टरांना दाखवा. दोन दिवसांत गुडघे पळायला लागतात त्याचं कारण बऱ्याचदा स्टेरॉईडच असतं.

एकाच जनुकातल्या बदलाने होणारा, पिढ्यानपिढ्या सरळ रेषेत उतरणारा मोडी हा दुर्मीळ प्रकार. आजी, बाप, लेक, सगळ्यांना पंचविशीच्या आतबाहेर, सगळे बारीक, तर ध्यानात ठेवा, कारण यातल्या काहींना इन्सुलिनऐवजी साधी जुनी गोळी पुरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर जनुकांची तपासणी करायलाच हवी, तिथेही काही बाळं गोळीवर येतात.

आणि टाईप ५. लहानपणापासूनच्या कुपोषणाने होणारा मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ च्या वर्गीकरणात घेतला होता, १९९९ मध्ये वगळला. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाईप ५ म्हणून पुन्हा मान्यता दिली. त्याआधी वेल्लोरला तज्ज्ञांची बैठक झाली होती. माणूस तरुण, हाडं दिसावीत इतका बारीक, इन्सुलिन कमी, पण कीटोन सहसा वाढत नाहीत. ऊसतोडीच्या फडातून आलेली अशी हाडकुळी पोरं मी काउंटरवर कित्येक वर्षं बघत आले. त्यांच्या चिठ्ठीवर कधी २ लिहिलेलं असायचं, कधी १. त्यातल्या कितींचा हा पाचवा असेल, कोण जाणे.

डॉक्टरांकडे जाताना

एका पिशवीत जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा, सगळ्यात जुना वर. पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हाचं वय आणि वजन कागदावर लिहा. घरात कुणाला, कितव्या वर्षी, गोळ्यांवर का इन्सुलिनवर, तेही. पोटदुखी, स्टेरॉईड, गरोदरपणातली शुगर यातलं काही असेल तर न विचारता सांगा. मग विचारा: "डॉक्टर, माझा प्रकार कोणता, आणि तो कशावरून ठरवलात?" चिडणारे डॉक्टर मी फार कमी पाहिले. बहुतेक जण चष्मा वर करून पहिल्यांदाच नीट फाईल उघडतात. उत्तर मिळालं की फाईलच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

माझ्या भावाच्या पाकिटात एक कार्ड असतं, माझ्या अक्षरात. "मला टाईप १ मधुमेह आहे. मी इन्सुलिन घेतो. गोंधळलेला किंवा बेशुद्ध दिसलो तर आधी शुगर तपासा. शुद्धीत असेन, शुगर कमी असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. जेवत नसलो तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नका." खाली माझा आणि भावजयीचा नंबर. गेल्या आषाढीला तो वाखरीपासून पालखीबरोबर चालत आला आणि पावसात कार्डाचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी नवं लिहून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणलं. वीस रुपये लागले.